मीठ नेणारा वारा

ता. १३ एप्रिल १८८६, मंगळवार. ठाणे.

जगात अन्याय पुष्कळ झाले आणि त्यांचे इतिहास लिहिणारेही पुष्कळ झाले. माझ्या डाव्या जोड्याने मांडलेल्या छळाची मात्र कोणी दखल घेतलेली नाही. हा जोडा गेले आठ दिवस करकरतो. उजवा गप्प. दोघे एकाच चांभाराचे, एकाच कातड्याचे. मी कोर्टात शिरलो की डावा आधी वर्दी देतो आणि मॅजिस्ट्रेटसाहेब लेखणी थांबवून असे पाहतात, की जणू मी मांजराच्या शेपटीवर पाय देत आलो. तेल पाजले, रात्रभर पाण्यात ठेवला, वजनाखाली दाबला. चांभार म्हणतो, "रावसाहेब, नवा जोडा बोलतोच. जुना झाला का गप बसंल."

मी सत्तेचाळीस वर्षांचा जुना झालो आहे आणि अजून गप्प बसलेलो नाही, हे त्याला कोण सांगणार!

माझे काम जबान्या उतरवून घेण्याचे. आठवडाभर लोकांचे खरेखोटे सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि रविवारी भाऊच्या साप्ताहिकात 'एक निरुद्योगी' या सहीखाली स्वतःचे. ही सही कोणाची ते भाऊखेरीज कोणाला ठाऊक नाही. कुटुंबालाही नाही, असे मी धरून चालतो.

बाकी नोंदण्याजोगे काही नाही. परवा दुपारी आभाळ हळदीसारखे पिवळे झाले, दिवा गावाच्या बाजूने काहीतरी गडगडले, पाच मिनिटे गारा पडल्या आणि वाळत घातलेले आमचे पापड शेजारच्या कौलांवर गेले. कुटुंब अजून शेजारणीकडे संशयाने पाहते.

ता. १५, गुरुवार.

आज जन्मात ऐकली नाही अशी जबानी लिहिली.

पंढरी नावाचा आगरी. दिव्याजवळ खाडीकाठी त्याचे मिठागर. शंभर मणांची रास लावून ठेवली होती. रास लागली की ती गवताने शाकारतात, वरून खाडीचा चिखल लिंपतात आणि ओल्या चिखलावर सरकारी लाकडी ठसा उठवतात. हेतू हा, की कोणी राशीला नख लावले तरी दिसावे. मंगळवारी मीठखात्याचा दारोगा तपासणीला गेला तर रास नाही, ठसा नाही, गवताची काडी नाही. नुसती सारवल्यासारखी स्वच्छ जागा. पट्टी, म्हणजे कर, न भरता ठशाखालचे मीठ चोरून विकले, हा आरोप. शाबीत झाला तर सहा महिने सक्तमजुरी आणि मिठागराचा परवाना रद्द.

साहेबांनी विचारले, "मीठ कोठे गेले?"

"वाऱ्यानं नेला, साहेब."

"वारा तर रोज वाहतो."

"ह्यो तसा नव्हता. पयली खाडी उबी रायली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी लिहिले.

"उबी रायली न् चालत आयली. खांबागत. उलट्या जात्यागत फिरत व्हती. रास उचलली, माझी झोपडी उचलली, मंग तिकरं डोंगराच्या अंगाला गेली. मागनं पाऊस. जी काय ढेकला रायली ती इरघलली."

"आणि ही जागा झाडली कोणी?"

इथे मात्र तो गप्प झाला. दारोगा हसला. पट्टेवालासुद्धा हसला. पंढरी चाळिशीचा, हातापायांना मिठाच्या चिरा पडलेला. कोण हसतो इकडे त्याचे लक्ष नव्हते. माझ्या लेखणीकडे पाहत होता. लिहिता येत नाही अशा माणसाला लिहिणारा म्हणजे कोणी मोठा वाटतो.

ता. १६.

लेख एका बैठकीत उतरला. मथळा: 'वाऱ्यास अळणी चालत नाही.' वाऱ्याने शंभर मण मीठ खाल्ले आहे, तरी जवळपासच्या साखरेच्या व्यापाऱ्यांनी सावध राहावे. वाऱ्यावर सरकारने त्वरित कर बसवावा. त्याच्या नावाचे समन्स खाडीवर नेऊन चिकटवावे. तो हजर न झाल्यास त्याची गलबते जप्त करावीत. खाडी जात्यासारखी फिरत उभी राहिली आणि चालत आली, तेव्हा तिला बसायला पाट कोणी दिला, असाही प्रश्न टाकला आहे.

भाऊ वाचताना इतका हसला की त्याचा चष्मा शाईत पडला. पुष्कळ दिवसांनी अंगात थोडा हुरूप वाटला. एरवी लिहून झाले की फक्त मनगट दुखते.

ता. १९, सोमवार.

काल अंक निघाला. आज न्हाव्याने माझी दाढी करताना तोच लेख मला ऐकवला, आणि हसण्याच्या भरात गालावर वस्तरा लावला. तळ्यावर, देवळात, टपालकचेरीत तेच. दारोग्याने अंक कोर्टात आणला होता. साहेबांनी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. "फार चतुर मनुष्य आहे," म्हणाले. मी कागद लावत होतो. मान वर केली नाही. गाल चुरचुरत होता.

ता. २०, मंगळवार.

बचावाचे साक्षीदार चार. चारही फिरले. पंढरीचा चुलतभाऊ गणू होडी वल्हवत होता, त्याने सारे डोळ्यांनी पाहिले असे पंढरीने सांगितले होते. गणू उभा राहिला आणि म्हणाला, "मी काय बगितला नाय."

"वादळ झाले नाही?"

"झाला असंल. मी निजलेलू."

पंढरी पिंजऱ्यातून नुसता पाहत राहिला.

बाहेर ओसरीवर मी गणूला गाठले. हे माझे काम नव्हे, तरी विचारले, "होडीत निजला होतास काय रे?"

"रावसाहेब, तुमी हसाल."

"मला हसायला पगार मिळत नाही. बोल."

"परवा मासली घेऊन बाजारात गेलू. पोरं मागनं फू फू करत आयली. एक बोलला, 'खाडीला पाट दे रं!' कागदात छापून आयलाय म्हनं. माझ्या पोरीची सोयरीक ठरत्ये. मी खाडी चालताना बगितली बोल्लू, तर याडा म्हनून पोरगी घरीच रायील." मग हळूच म्हणाला, "चालत व्हती पर. पाय नव्हतं, तरी चालत व्हती."

या साक्षीदारांना काही कणा म्हणून नाही. एका दीडदमडीच्या लेखाने माणसे फिरावीत! आज जेवणावर वासना नव्हती. उन्हाळा फार झाला आहे.

ता. २१.

कचेरीच्या पायरीवर पंढरीची बायको लक्ष्मी बसलेली असते. रोज दिव्याहून होडीने येते, कच्च्या कैदेत भाकरी पोचवते आणि कचेरी बंद होईपर्यंत बसते. आज मी जाताना डाव्या जोड्याचा आवाज ऐकून उठून उभी राहिली. बहुधा साहेब आले असे वाटले असावे.

मी विचारले, "बाई, जागा झाडली कोणी? नवरा बोलत नाही."

"मीच झाडली. सगल्या गावानं झाडली."

"का?"

ती माझ्याकडे, मला अगदी साधी गोष्ट कशी ठाऊक नाही, अशा नजरेने पाहू लागली. "तसल्या वाऱ्यानं टाकलेला काय ठेवत नाय. काडी ऱ्हायली तरी तो तिच्या मागनं परत येतो. वहटीच्या आत सगला खाडीला देऊन टाकायचा. आमच्या झोपडीचं उरलेलं मेढं-खांबसुदा दिलं."

"मग पंढरीने कोर्टात सांगितले का नाही?"

"त्याचा नाव घेऊन पुरुष मानूस बोलत नाय. बायकांचा काम हाय ते."

म्हणजे वादळ झाल्याचा जेवढा पुरावा होता तेवढा या लोकांनी स्वतःच्या हातांनी गोळा करून, झाडून, ओहोटीबरोबर सोडून दिला. जागा जितकी स्वच्छ तितकी चोरी पक्की. दारोग्याचा सारा खटला या बाईच्या केरसुणीवर उभा आहे.

घरी हे कुटुंबाला सांगितले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तुमच्या त्या निरुद्योग्याला सांगा की. चांगलं लिहील यावर."

वर पाहिले तर ती भाजीकडेच पाहत होती.

ता. २४.

तारीख पडली. ६ मे. पंढरी आतच. थकवा.

ता. २८, बुधवार.

भाऊकडे गेलो. त्याने एक पत्र पुढे टाकले. "घे, तुला पुढचा मसाला. डोंबिवलीचा एक वर्गणीदार लिहितो, ठाकुर्लीत तुळसा नावाच्या म्हातारीची वांगी एका दिवसात करपली. कोणी मीठ टाकून करणी केली म्हणते. विहीरसुद्धा खारट झाली. आता मीठ खाणाऱ्या वाऱ्याला वांग्याची भाजी वाढ. लोक पोट धरतील!"

"कधीची गोष्ट?"

"पत्रात आहे. गारा पडल्या त्या रविवारची."

मी पत्र घडी करून खिशात घातले.

"लिहितोस ना?" भाऊने विचारले.

"बघू."

"बघू काय? तुझे लोक वाट बघतायत."

माझे लोक! घरी येऊन बसलो. दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली: नकाशावर बोट सरळ रेषेत फिरते. पंढरी म्हणाला होता, 'तिकरं डोंगराच्या अंगाला गेली.' ते माझ्याच अक्षरात आहे. मीच लिहिले, मीच विकले. चार साक्षीदार काही आपोआप फिरले नाहीत. हे इतके दिवस माझ्या ध्यानात आले नाही, असे लिहिणार होतो. पण ही वही तरी खरी राहू दे. आले होते.

ता. २ मे, रविवार.

कल्याणपर्यंत आगगाडी, तिथून मागे उन्हातून पायी. ठाकुर्लीच्या शिवारात वाट विचारावी लागली नाही. हिरव्या रानातून मोडलेल्या झाडांचा पट्टा गेला होता, कोणी नांगर ओढत गेल्यासारखा. त्याच्या डाव्या हाताचा आंबा जशाच्या तसा. उजव्या हाताचा बुंध्यापासून पिळलेला. आपण धुणे पिळतो तसा. मी हात लावून पाहिला. मला माझा पाटाचा विनोद आठवला आणि हात काढून घेतला.

तुळसा सत्तरीची असेल. माझी टोपी पाहून तिला मी करणी काढणारा वाटलो.

"आलास व्हय बाबा? कवाची निरोप धाडते."

"आजी, मी ठाण्याच्या कोर्टातला कारकून."

"म्हंजे करणी कोर्टानं केली?"

"नाही आजी. वाऱ्याने. दिव्याच्या मिठागराचे मीठ आहे हे."

तिने दाराकडे पाहिले. "सुनेचं नाव घेऊन बसले व्हते मी," म्हणाली. "वीस दिस तिच्या हातचं पानी पेले न्हाई." दाराआड कोणीतरी भांडे जोरात ठेवले.

मग मी विचारले, मिठाखेरीज आभाळातून आणखी काही पडले काय?

"देव पडला."

आत नेले. कोनाड्यात एक तळहाताएवढी चिखलाची खपली. मागे गवत चिकटलेले, वर हळदकुंकवाचा थर. कौल फोडून चुलीपुढे पडली, पण फुटली नाही, म्हणून देव. कुंकू बोटाने सारले. खाली सरकारी ठसा. राशीवरचा मुकुट आणि आकडे, एका आकड्याची शेपटी तुटलेली. महाराणी सरकारची वीस दिवस ठाकुर्लीत पूजा चालू होती आणि कलेक्टरला खबर नव्हती. एरवी या एका वाक्यावर मी दोन रकाने काढले असते.

"आजी, हा मला चार दिवस हवा. एक माणूस तुरुंगात आहे."

"त्यानं काय केलं?"

"काही नाही."

"मंग कशापायी हाय?"

तिने खपली तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. "कोनाडा मोकळा ठेवू नये बाबा. आनून देशील?"

शब्द दिला.

ता. ३, सोमवार.

साहेबांच्या टेबलावर फडके ठेवले आणि सारे सांगितले. ठाकुर्लीला का गेलो हे सांगायचे तर पत्र सांगणे आले. पत्र का आले हे सांगायचे तर लेख सांगणे आले. म्हणून शेवटून सुरुवात केली: लेख माझा.

साहेबांनी फडक्याची गाठ सोडून खपली पाहिली. मग म्हणाले, "चतुर मनुष्य तो तुम्हीच काय?"

"होय साहेब."

"जबानी कोर्टाची मिळकत आहे."

"होय साहेब."

"जा. सहा तारखेला ही वस्तू कोठे मिळाली ते पिंजऱ्यात उभे राहून सांगा."

ता. ६, गुरुवार.

अठरा वर्षे मी पिंजऱ्याच्या बाजूला बसलो. आत उभा आज राहिलो. तिथून कोर्ट फार उंच दिसते.

माझी जबानी नव्या उमेदवार कारकुनाने लिहिली, आणि तीन ठिकाणी चुकीची लिहिली. दारोगा म्हणाला, खपली कोणीही उचलून ठाकुर्लीला नेऊन टाकील. साहेबांनी मिठागरावरचा लाकडी ठसा मागवला होता, खपलीवर धरला. शेपटी तुटलेला आकडा बरोबर बसला. मग त्यांनी स्वतः भिंग घेऊन चिखलाची मागची बाजू पाहिली. त्यात एक गारेचा खळगा होता (आतल्या बाजूला गार लागायची तर खपली तेव्हा हवेतच हवी), आणि त्यात बारीक मीठ. त्यांनी ते जिभेला लावले. पुरावा चाटणारा न्यायाधीश मी प्रथमच पाहिला.

मागच्या बाकावरून गणू एकदम उठला. "साहेब, मी निजलेलू नव्हतू!"

"बस खाली!" पट्टेवाला ओरडला.

"बसतू. पर मी बगितली. चालत व्हती."

या वेळी कोणी हसले नाही.

पंढरी सुटला. सुटल्यावर तो पुढे आला नाही, हात जोडले नाहीत. लक्ष्मीने आणलेली भाकरी तिथेच पायरीवर बसून दोघांनी खाल्ली. हंगाम गेला आहे. मिठागराचे बांध फुटलेले, झोपडी नाही. न्याय मिळाला म्हणजे एवढेच, की सरकारने हे त्याच्याकडून हिसकावले नाही.

साहेबांनी खपली मुंबईतल्या कोणा विद्वान मित्राला पाठवली. या मुलखात असला वारा म्हणजे मोठे नवल, म्हणाले. मी कोनाड्याची गोष्ट काढली. "तिला दुसरे ढेकूळ द्या," म्हणाले, आणि पुढचा कागद उघडला. त्या कागदांत माझाही एक होता: बढतीच्या यादीतून नाव कमी. योग्यच आहे.

ता. ९, रविवार. रात्री निजण्यापूर्वी.

आजच्या अंकात माझ्या खऱ्या नावाने खुलासा आला. भाऊने तो चौथ्या पानावर केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली घातला. न्हाव्याने तो मला वाचून दाखवला नाही.

सकाळी दिव्याला गेलो. पंढरी गुडघाभर चिखलात बांध घालत होता. मी काठावरून म्हणालो, "तो लेख मी लिहिला होता."

"ठाव हाय. तुमी पिंजऱ्यात बोल्लाव ना." तो चिखल थापत राहिला. मग म्हणाला, "लेख वाचून घेतला मी, तुरुंगात. एका शिपायानं वाचला. त्या पाटावर मना पन हसू आयला." परत थापी. "पर एक चुकलाव. मी बोल्लो व्हतो उलट्या जात्यागत. तुमी नुसता जाता लिवला. कुनाला परत दिसला, तर तो वलखंल कसा?"

जबानीत 'उलट्या' आहे. लेखात वाक्य जड होत होते, म्हणून मी काढून टाकला होता. एवढाच त्याचा माझ्यावरचा आरोप.

मी त्याला ठाकुर्लीच्या कोनाड्याचे सांगितले. त्याने खाडीच्या चिखलाचा गोळा घेतला, गवत मिसळले, थापला आणि माझ्याकडे पाहिले. "ठसा त सरकारनं नेला."

"तुझा हात उठव."

त्याने पाची बोटे उठवली. मिठाच्या चिराही उमटल्या. ती खपली उन्हात दोन तास वाळवली. गणूने मला होडीने ठाकुर्लीच्या काठाला सोडले. उतरताना हात दिला.

तुळसाने खपली उलटसुलट करून पाहिली. "ह्यो तो न्हाई."

"नाही आजी. तो साहेबांनी ठेवून घेतला. माझा शब्द खोटा पडला. हा दुसरा आणला आहे."

"हात कुणाचा?"

"ज्याचे मीठ तुमच्या वांग्यांवर पडले, त्याचा. सुटला तो."

"सुटला?" तिने खपली पदराने पुसली. "बरं झालं. मंग असू दे. येकादा मानसाचा हात बी असू दे." कोनाड्यात ठेवली, कुंकू लावले, आणि मग सुनेला हाक मारली, "शकू, पानी आन गं पाव्हन्याला." सून तांब्या घेऊन उंबऱ्यात थबकली; घामाने भिजल्या सदऱ्यातून दिसणाऱ्या माझ्या जानव्याकडे नजर. म्हणाली, "आमच्या हातचं चालंल तुमाला? विहीर बी अजून खारीच हाय."

तांब्या तिच्या हातून घेतला. खरेच खारट होते. संपवला, आणि आणखी मागितले.